मिठावर भाजलेली पाई

डोरीनबाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, याला आता चार वर्षं होत आली. पत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. जाड कागदाची तीन पानं, निळ्या शाईत, दोन्ही बाजूंनी लिहिलेली.

डोरीनबाई म्हणजे माझ्या विहीणबाई. माझी मुलगी संघरत्ना नर्स म्हणून न्यूझीलंडला गेली आणि तिथल्याच मुलाशी तिने लग्न केलं. त्याच्या आईला आम्ही फोनच्या पडद्यावरच पाहिलेलं. माझी बायको कौसल्या आणि ती बाई मात्र तासतासभर बोलायच्या. हिला इंग्रजी येत नव्हतं, तिला मराठी. मध्ये रत्ना. एकदा डोरीनबाईंनी ओव्हनमधून काढलेली पाई दाखवली. मैद्याच्या पारीत अख्खी अंडी आणि बेकन घालून भाजलेली, ताटाएवढी. कौसल्या म्हणाली, "ही तर आपली करंजीच. नुसती आडवी पसरलीय. मी करून दाखवीन त्यांना." त्यानंतर सहा महिन्यांत ती गेली, आणि पुढच्या महिन्यात हे पत्र आलं.

पत्रात पाईची कृती होती. शेवटी लिहिलं होतं, कौसल्याने करायचं कबूल केलं होतं, आता तुम्ही करा आणि कशी झाली ते मला कळवा. आणि त्याखाली आणखी एक परिच्छेद. डोरीनबाईंचे वडील डुकराचं मांस मिठात मुरवून शेडच्या आढ्याला पट्ट्या टांगायचे, खाली धूर करायचे. तिच्या शाळेच्या कपड्यांना त्या धुराचा वास यायचा आणि बाकावरच्या मुली सरकून बसायच्या. 'हे मी माझ्या मुलालाही सांगितलेलं नाही. तुमच्या घरी असं काही होतं का?'

असे दोन प्रश्न. मी एकाचंही उत्तर दिलं नाही. कुणी विचारलं तर इंग्रजीचं कारण सांगत आलो. ते अगदी खोटंही नव्हतं. वाचनालयातली इंग्रजी पुस्तकं मी शब्दकोश घेऊन वाचतो, पण लिहायला बसलो की हात आखडतो. अडतीस वर्षं मी भिवंडीत कापड तपासायचं काम केलं. लूमवरून उतरलेला तागा टेबलावरून ओढत न्यायचा, तुटलेला धागा किंवा तेलाचा डाग दिसला की खडूने खूण करायची. चांगल्या कापडाबद्दल काही बोलायचं नसतं. तीच सवय कागदावरही राहिली. 'डिअर डोरीन' एवढ्यातच मला तीन दोष दिसायचे.

गेल्या रविवारी सकाळी रत्नाचा फोन आला.

"बाबा, डोरीनआईंची नजर गेली हो. जवळजवळ सगळीच."

"अरे, कधी?"

"हळूहळू जातच होती. पुढच्या महिन्यात त्यांना वृद्धाश्रमात हलवायचंय. काल सामान आवरताना परत विचारलं त्यांनी, कोंडूचं पत्र आलं का?"

"अजून विचारतात?"

"दर वेळी. मी सांगते, इंडियाचं टपाल स्लो आहे."

"चार वर्षं?"

"मग काय सांगू? आमचे बाबा लाजतात म्हणून सांगू?"

मी टेबलाचा खण ओढून पत्र पाहिलं.

"त्यांना आता वाचता येणार नाही," मी म्हणालो.

"मी वाचून दाखवीन ना. तुम्ही मराठीत लिहा, मी सांगते त्यांना काय आहे ते. पण लिहा बाबा. त्या खूप थकल्यात."

म्हणजे इंग्रजीचं कारणही गेलं. आणि मी जे लिहीन ते आता डोरीनबाईंच्या आधी माझी मुलगी वाचणार होती.

सून रीमा चहा गाळत होती. ती इथल्याच एका दवाखान्यात केसपेपर करते. माझा मुलगा रवींद्र कशेळीच्या गोदामात ड्युटीला असतो. सकाळी आठला जातो, रात्री जेवायला येतो तेव्हा त्याचे डोळे मिटत असतात. घरात बोलायचं ते आम्ही दोघंच.

"लिहून टाका ना, मस्त झाली म्हणून," रीमा म्हणाली. "कोण येतंय बघायला?"

"न करता कसं लिहू?"

"मग करा. पण बेकन काय असतं? इकडे मिळतं का?"

"सुकं मटण असतं. परदेशी. ठाण्यात मिळेल."

मी डुकराचं म्हणालो नाही. रीमाच्या माहेरी ते चालत नाही, आमच्या घरातही कधी शिजलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती फार तर नाक मुरडून गप्प बसली असती. पण मला तेवढंही जमलं नाही. मंगळवारी मी ठाण्याला गेलो, थंड मालाच्या दुकानातून एक पाकीट घेतलं आणि कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास ते मांडीवर धरून बसलो. घरी आल्यावर मांस स्टीलच्या डब्यात काढलं आणि पाकिटाचे तुकडे कचऱ्यात खाली दडपले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, चोरून काही खाल्ल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मैदा भिजवला. कौसल्या करंजीला करायची तसा तुपात तांदळाचं पीठ फेसून साटा केला. पोळीवर साटा, त्यावर दुसरी पोळी, गुंडाळी, परत लाटणं. कौसल्याच्या हाताखाली ही पोळी ताणली जायची, माझ्या हाताखाली आक्रसत होती. जर्मलच्या ट्रेमध्ये पारी पसरली, कांदा घातला, वाटाणे घातले, बेकनचे तुकडे पसरले. वरून सहा अंडी न फेटता फोडली. दोन बलक फुटले. वर दुसरी पारी ठेवून कडा दाबल्या आणि मिरी घालायची राहिली हे तेव्हा आठवलं.

भाजायची कुठे, हे ठरलं नव्हतं. मुस्तकीमच्या बेकरीत नाही, एवढं मात्र मी ठरवलं होतं. दिवाळीला आमच्या टेमघरच्या सगळ्या बायका नानकटाईचे ट्रे त्याच्या भट्टीत भाजून आणतात, ईदला त्याच्या लोकांचेही ट्रे तिथेच असतात. त्या भट्टीत हे जाऊ नये. हे मी मनात ठरवलं आणि मनातच ठेवलं.

आंघोळ करून आलो तर ओट्यावर ट्रे नव्हता. रीमाला फोन लावला.

"बाबा, जाता जाता बेकरीत दिला. मुस्तकीमभाई बोलले, आधीचे दोन ट्रे झाले की टाकतो. तुम्ही अकराला जाऊन घेऊन या. तुमची धावपळ वाचली."

"अगं, पण..."

"काय?"

"काही नाही."

फोन ठेवला. सदऱ्याची बटणं लावता लावता जिना उतरलो. रिक्षा दिसेना. चालत गेलं तर दहा मिनिटं लागतात, माझ्या गुडघ्यांनी पंधरा. मधल्या खड्ड्यांतून, उभ्या ट्रकांच्या मधून मी शक्य तितका पळत होतो.

ट्रे अजून भट्टीत गेला नव्हता. काउंटरवर तीन ट्रे होते, माझा तिसरा, वर वर्तमानपत्र झाकलेलं. मुस्तकीम लांब दांड्याच्या लाकडी फळीवर पहिला ट्रे घेत होता. चार-पाच गिऱ्हाइकं पावासाठी उभी होती.

मुस्तकीमचे वडील सत्तारभाई आणि मी एकाच शेडमध्ये होतो. ते लूमवर, मी तपासायच्या टेबलावर. पोरगा मात्र लूमला शिवला नाही, त्याने बेकरी टाकली.

"आओ चाचा! भाभी दे के गई. ये क्या बनाया, इतना बड़ा समोसा?"

मी हसलो. पहिला ट्रे आत गेला. त्याने दुसरा फळीवर घेतला. मी तिथे उभा राहून काय विचार करत होतो ते लिहायला मला संकोच वाटतो, पण लिहितो. मी विचार करत होतो की कुणालाच कळणार नाही. भट्टीला कळत नाही. पाव पुन्हा पावासारखेच होतील. मी पाई घेऊन घरी जाईन आणि हा माणूस मला मरेपर्यंत चाचा म्हणेल. दुसरा ट्रे आत जाईपर्यंत मी हा विचार करत होतो.

"मुस्तकीम, माझा टाकू नको."

"क्यों? कुछ डालना रह गया?"

"त्यात डुकराचं मांस आहे."

"क्या?" भट्टीपाशी मोठा पंखा घरघरत होता. "ज़ोर से बोलो चाचा!"

मी जोरात बोललो. आयुष्यात इतक्या जोरात मी फार थोड्या वेळा बोललो असेन. पावासाठी उभ्या असलेल्या एका माणसाने आपली पिशवी काउंटरवरून उचलून छातीशी धरली.

मुस्तकीमने फळी खाली ठेवली. ट्रेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"भाभी को मालूम था?"

"नाही. तिला मी सांगितलंच नव्हतं. तिचा काही दोष नाही. चूक माझी आहे."

"उठाओ," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "आप ही उठाओ चाचा. मैं हाथ नहीं लगाएगा."

मी ट्रे उचलला. त्याने मागून बादली आणली, काउंटरवर पाणी ओतलं, साबण टाकला आणि फडक्याने घासायला लागला.

आमचं गाव कोनच्या पलीकडे. माझी आई रंगूबाई ज्यांच्या ओट्यापाशी भाकरीसाठी उभी राहायची, त्या ओट्यावर ती वळली की पाणी पडायचं. तो आवाज मी पाठीमागून ऐकलेला आहे, तिचं बोट धरून चालताना. आई कधी मागे वळली नाही. आज मी समोर उभा राहून पाहत होतो, आणि आज दोष खरोखर माझा होता. तरी पाय तेच होते.

मुस्तकीमने मान वर केली.

"चाचा, ये पानी आप के वास्ते नहीं है. समझे ना?"

"समजलं."

"तो फिर मुँह ऐसा काहे को?"

त्याने फडकं पिळलं.

"वो बाहर बाकड़े पे रखो. कुत्ता नहीं आएगा, मैं देखता. हाथ धोओ और इधर आ के चाय पियो."

त्या ओल्या काउंटरपाशी उभं राहून मी चहा प्यालो. गिऱ्हाइकं एकेक करून पाव घेऊन गेली. पिशवी छातीशी धरलेला माणूस मात्र पाव न घेताच गेला. मुस्तकीमने ते पाहिलं आणि फडकं दांडीवर वाळत टाकलं.

"तुझं गिऱ्हाईक गेलं," मी म्हणालो.

"कल आएगा. नहीं आएगा तो परसों. पाव तो खाएगा ना?" त्याने मला खारीचा तुकडा दिला. "आप नहीं बोलते तो मेरे को कभी पता नहीं चलता."

"ते डोक्यात आलं होतं माझ्या."

तो मोठ्याने हसला. "अब्बा बोलते थे, ये कोंडू बोलता कुछ नहीं, खाली चॉक मारता है. आज बोला तो पूरी बेकरी को सुना दिया. किस के लिए बना रहे थे?"

मी सांगितलं. विहीण, पत्र, नजर गेलेली.

"तो ये न्यूझीलंड जाएगा?"

"नाही रे. नुसतं पत्र जाईल. कशी झाली ते."

"बस?"

"बस."

"कमाल के आदमी हो चाचा," तो म्हणाला आणि मग त्याने मला समजावून सांगितलं. मोठं पातेलं घ्यायचं, तळाला चार बोटं जाड मीठ, त्यावर वाटी उपडी घालून ट्रे ठेवायचा. झाकणावर वजन. आधी अर्धा तास मीठ नुसतं तापू द्यायचं. "घर का बर्तन, घर की आग. किसी से पूछना नहीं."

दोन वाजता रीमा आली तेव्हा पातेलं गॅसवर होतं आणि झाकणावर मी खलबत्ता ठेवला होता. तिला सगळं कळलेलं होतं. बेकरीवरूनच ती आली होती.

"बाबा, तुम्ही बोलत का न्हाय हो?" ती दारातच उभी राहिली. "मी रोज जाते तिथे पाव आणायला. मला सांगितलं असतं तर काय खाल्लं असतं का मी तुम्हाला?"

"चुकलं माझं."

"चुकलं काय! आईंना पण असंच करायचात तुम्ही. त्या म्हणायच्या, तुझ्या सासऱ्याचं मन वाचायला चष्मा लागतो."

"तुला माहीत नव्हतं हे मी मुस्तकीमला सांगितलंय. सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर? तुम्ही?"

"पंखा मोठा होता. दोनदा सांगावं लागलं."

तिने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते आलंच. मग पर्स खुंटीला लावून ती पातेल्यापाशी येऊन उभी राहिली. "वास येतोय. जळतंय का काहीतरी?"

खालून जळलं होतं. वरून पांढरं राहिलं होतं. परत आणताना रिक्षात हेलकावे खाऊन अंडी एका बाजूला गोळा झाली होती आणि तिथे पारी फुगून फाटली होती. तरी सुरी घातली तेव्हा थर सुटले, कौसल्याच्या करंजीचे सुटायचे तसे, थोडे का होईना. मी एक तुकडा बशीत घेतला. रीमाने वरच्या पारीचा एक कोपरा मोडून खाल्ला, मांस बाजूला सारून.

"कशी लागते?" तिने विचारलं.

खारट होती. धुराचा वास होता, आणि चावताना दाताला लागणारा चिवटपणा. मी दुसरा घास घेतला. तिसरा घेतला.

"आईच्या चान्यांसारखी," मी म्हणालो.

"चान्या म्हणजे?"

रीमा आमच्यातलीच. चौतीस वर्षांची, पदवीधर. तिला तो शब्द ठाऊक नव्हता. रवींद्रला नाही, रत्नालाही नाही. मुलांच्या कानावर तो पडू नये याची कौसल्याने आणि मी फार काळजी घेतली होती. तसं आम्ही कधी बोलूनही ठरवलं नव्हतं. आता तो शब्द घरात कुणाला येत नाही हे पाहून मला समाधान वाटायला हवं होतं. मला फक्त थकवा आला.

मी तिला सांगितलं. हात धुतले, टेबलापाशी बसलो आणि मग तेच कागदावर लिहिलं, मराठीत.

'डोरीनबाई, पाई काल केली. खालून जळली, वरून कच्ची राहिली, मिरी घालायला विसरलो. चव चांगली होती,' असं लिहिलं आणि 'काल' खोडून 'आज' केलं.

पुढे लिहिलं: 'तुम्ही विचारलं होतं, आमच्या घरी असं काही होतं का. होतं. गावात कुणाचं जनावर मेलं की ते ओढून न्यायचं काम आमचं. त्याचं मांस आमच्या वाट्याला यायचं. माझी आई त्याच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून दोरीवर वाळवायची. त्यांना चान्या म्हणत. दोरीखाली बसून कावळे हाकायचं काम माझं होतं. पावसाळ्यात दुसरं काही नसायचं तेव्हा आई त्या निखाऱ्यावर भाजून द्यायची. मला त्या फार आवडायच्या. शाळेत मुलं माझ्याजवळ बसत नसत, पण ते वासामुळे नव्हे. वास नसता तरी बसली नसती. पुढे आम्ही बुद्धाच्या धर्मात गेलो, वस्तीने हे काम सोडलं. आईने चान्या काढून टाकल्या आणि त्या दोरीवर कपडे वाळत घालायला लागली. ते योग्यच झालं. मीही नंतर कधी नाव काढलं नाही. पण त्या आवडायच्या, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला त्याचं कारण हे आहे. इंग्रजी नव्हे.

'रत्ना, हे तू वाचशील तेव्हा थांबू नकोस. त्यांना सगळं सांग. नंतर मला फोन कर, किंवा नको करू.'

तीन ओळी खोडाव्यात असं वाटलं. त्या तशाच ठेवल्या.

सकाळी पोस्टात गेलो. जाळीपलीकडे एक तरुण बाई होती. तिने पाकीट वजनकाट्यावर ठेवलं.

"काका, आत काय आहे?"

"पत्र."

"नुसतं पत्र? न्यूझीलंडला?" तिने पत्ता पुन्हा वाचला. "हल्ली कुणी पाठवत नाही."

"पोहोचायला किती दिवस लागतील?"

"पंधरा, वीस. कधी महिनाही लागतो. आम्ही सांगू शकत नाही."

"तिकडच्या बाईंना हलवणार आहेत. पुढच्या महिन्यात."

मी हे तिला का सांगितलं, मला कळलं नाही. तिने वर पाहिलं. "जाईल काका," ती म्हणाली, तिकिटं चिकटवली, अंगठ्याने कडा दाबल्या आणि शिक्का मारला. पाकीट मागच्या पिशवीत पडलं.

माझ्यामागे कुणी नव्हतं. मी भिंतीलगतच्या बाकावर बसलो, गुडघे दुखत होते म्हणून. अर्ध्या तासाने एक माणूस आला, त्याने पिशवीचं तोंड दोरीने बांधलं आणि ती खांद्यावर टाकून मागच्या दाराने निघून गेला. एवढं पाहिलं आणि मी उठलो.